मग्गा सरकला तर

माझी शेवटची पोस्टिंग फौजेतली नव्हती, पण मी ती फौजेसारखीच केली. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून मेजर म्हणून निवृत्त झाल्यावर मी सौदी अरेबियात गेले. पहिली पाच वर्षं जेद्दात काढली आणि नंतर अबहाच्या वरच्या डोंगरात, तीस खाटांच्या एका हॉस्पिटलात हेड नर्स म्हणून रुजू झाले. उंची नऊ हजार फूट. सौदी म्हटलं की तुम्हा मुलांना वाळू दिसते. तिथे जुनिपरची झाडं होती, सकाळी धुकं असायचं, माकडं खिडकीतून पाव पळवायची, आणि हिवाळ्यात चार-सहा दिवस गारांचा थर जमिनीवर बसून राहायचा.

निहार, हे मी आत्ता लिहायला घेतलं ते तुझ्या परवाच्या फोनमुळे. नव्या घराचा ड्राइव्हवे उताराचा आहे, त्यावर बर्फ धरतो, आणि तू पिकअप ट्रक घेतला आहेस, हे तू मला एका दमात सांगितलंस. वर हसत विचारलंस, आजी, तुला बर्फावरच्या ट्रकचं काय माहीत? थोडं माहीत आहे. सई, तुझं मराठी वाचन त्याच्यापेक्षा बरं आहे, तेव्हा तू वाचून दाखव. वेळा मी चोवीस तासांच्या घड्याळाने लिहिते. ती सवय आता जायची नाही.

आमचं हॉस्पिटल एका टेकाडावर होतं. खालच्या मोठ्या रस्त्यापासून वर यायला काँक्रीटचा दीडशे मीटर ड्राइव्हवे होता. उतार इतका, की पायी उतरताना टाचा मागे रेटाव्या लागत. मधोमध एक वळण. वर येताना उजव्या हाताला, म्हणजे उतरताना डाव्या हाताला, दगडी भिंत. दुसऱ्या बाजूला कठडा नाही. तीन पुरुष खोल पायऱ्या-पायऱ्यांची शेतं. वळणाशी एक जुनं जुनिपरचं झाड होतं. टेकाडाच्या सावलीमुळे त्या वळणावर हिवाळ्यात साडेनऊच्या आधी ऊन पोचत नसे. हे नीट लक्षात ठेवा.

हॉस्पिटलकडे गाड्या दोन. एक अँब्युलन्स आणि एक छोटा ट्रक. ऑक्सिजनचे सिलिंडर, औषधं, धुण्याचे कपडे, सगळं त्या ट्रकमधून यायचं. तो एकोणीस वर्षं हसनभाई चालवत होते. हसनभाई रायगडच्या किनाऱ्यावरचे, मिठागरांच्या गावचे. माझ्याशी ते घरच्या कोकणी मराठीत बोलत. सुट्टीत जेद्दाला गेले की शराफियाच्या बाजारातून माझ्यासाठी कोकम आणत आणि स्वतःसाठी सुके बोंबील. बोंबील तळले की अख्खा स्टाफ क्वार्टर खिडक्या लावून घ्यायचा.

सौदीकरणाची ती वर्षं होती. जी कामं इथली माणसं करू शकतात ती इथल्यांनाच द्यायची, असं धोरण. आमच्याकडे ड्रायव्हरची जागा त्यात गेली. हसनभाईंचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपत आला होता आणि पुढे वाढणार नव्हता. फायनल एक्झिटला, म्हणजे कायमचं परत जायला, तीन आठवडे राहिले होते. त्यांच्या जागी मुशब्बब आला होता. चौतिशीचा, तीन मुलींचा बाप, खालच्या गावातला. आधी तो दक्षिणेकडच्या वाळवंटात सर्व्हेच्या लोकांच्या गाड्या चालवायचा. ट्रकची चावी एक तारखेपासून त्याच्याकडे होती आणि हसनभाई शेजारी बसून त्याला काम शिकवत होते. तो त्यांना 'या हाज' म्हणायचा. हज करून आलेल्या वडीलधाऱ्याला तिथे असंच बोलावतात.

"या हाज, एकोणीस वर्षांत गिअर किती वेळा बदललात?"

"तुज्याएवढ्या वेळा नाय. तू गिअर बदलतोस का पीठ मळतोस?"

दोघांचं हिंदी-अरबीच्या खिचडीत असं चालायचं. राग नव्हता. पण संध्याकाळी हसनभाई ट्रक पुसायला स्वतःच जायचे. फडकं त्यांनी मुशब्बबला दिलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी १५३० ला गारा सुरू झाल्या. पाऊण तास पडल्या. अंगण घोट्यापर्यंत पांढरं झालं. नंतर थोडा वेळ ऊन पडून गारा अर्धवट विरघळल्या. तेवढ्यात अँब्युलन्स एका हार्टच्या पेशंटला घेऊन शहरात गेली. रात्री आकाश मोकळं झालं आणि पारा शून्याखाली गेला. विरघळलेलं सगळं पाणी ड्राइव्हवेवर गोठलं.

सकाळी ०६१० ला मला वॉर्डमधून बोलावणं आलं. नूरा नावाची बाई आदल्या दिवशी दाखल झाली होती. आठवा महिना, चौथं बाळंतपण. वार गर्भाशयाच्या तोंडाशी होती. रात्रभर ती ठीक होती, आता रक्तस्राव सुरू झाला होता. डॉक्टर हनान, आमच्या इजिप्शियन डॉक्टरीणबाई, तिथे उभ्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"ऑपरेशन लागेल, आणि रक्त. आपल्याकडे दोन्ही नाही."

"किती वेळ आहे?"

"नऊच्या आत ती शहरात टेबलावर हवी. त्यानंतरचं मला सांगता येणार नाही."

शहर पंचेचाळीस मिनिटांवर. अँब्युलन्स पहाटेच परत निघाली होती. ०६४० ला गेटवरून वॉकी-टॉकीवर आवाज आला की ती खाली पोचली आहे, मोठा रस्ता साफ आहे, पण ड्राइव्हवे चढता येत नाही. दोनदा प्रयत्न केला, दोनदा मागे घसरली. त्यांना मी तिथेच थांबायला सांगितलं.

आता प्रश्न त्या दीडशे मीटरचा होता.

स्ट्रेचरवरून नेऊ, असं आधी सगळ्यांना वाटलं. दोन वॉर्डबॉय नुसतं उतरून बघायला गेले. वीस पावलांवर एक जण बसला आणि बसल्या-बसल्या वळणापर्यंत गेला. मनगट मोडलं. बर्फावर चौघांनी स्ट्रेचर उचललं तर पेशंट एकाचे पाच होतात, हे मी आधी पाहिलेलं होतं. बाकी उरला तो ट्रक. तो वरच, पोर्चमध्ये उभा होता.

हसनभाई कानटोपी घालून आले. त्यांनी उतार बघितला, आकाश बघितलं.

"मॅडम, थांबूया. साडेनवाला ऊन येतां. पानी होईल, सगळां वाहून जाईल."

मुशब्बबनेही मान हलवली. डॉक्टर हनान घड्याळाकडे बघत होत्या, पण बर्फाचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्याही म्हणाल्या, निदान आठपर्यंत थांबू, थोडं ऊन तरी येऊ दे, मग निघून वेगाने जाऊ. तिघंही शहाणी माणसं. तिघांचंही चुकत होतं, आणि का ते मला माहीत होतं. का माहीत होतं, हे मी घरात कधी सांगितलेलं नाही.

मी सव्वीस वर्षांची लेफ्टनंट होते. उत्तरेकडे खूप उंचावर आमचं फील्ड हॉस्पिटल होतं. तिथे हवालदार मारुती गावडे नावाचे एएससीचे, म्हणजे लष्कराच्या पुरवठा-वाहतूक शाखेचे, ड्रायव्हर होते. चंदगड तालुक्यातले. बुटके, शांत, मिशीचं टोक थंडीत पांढरं झालेलं. त्यांच्याकडे पांढऱ्या एनॅमलचा सरकारी मग्गा होता, कान तुटलेला. सकाळी गाडी काढायच्या आधी ते उतारावर चालत जायचे, बर्फावर मग्गा उपडा ठेवायचे आणि बोटाने हलकं टोचायचे. तो तिथेच थांबला तर गाडी निघायची. सरकला तर ते परत येऊन त्याच मग्ग्यातून चहा प्यायचे. कर्नल असो की जनरल, चहा होईपर्यंत गाडी हलायची नाही.

मी त्यांना विचारलं होतं, हा काय प्रकार?

"बर्फाला भ्यायचं न्हाई मॅडम," ते म्हणाले. "कडक थंडीतला बर्फ टायरला धरतो. बर्फावरच्या पाण्याला भ्यायचं. ऊन आलं की वर पाण्याचा पापुद्रा येतो. मग तिथं देव बी उभा ऱ्हात न्हाई."

रविवारी मोकळ्या मैदानात त्यांनी मला थ्री-टन ट्रक चालवायला शिकवलं. हौस म्हणून. पहिला गिअर, क्लचवरून पाय काढायचा, ब्रेक विसरायचा. इंजिनलाच गाडी धरू द्यायची. गाडीच्या पुढे माणूस नको, मागे नको. आणि जायचीच वेळ आली तर दरीकडे नाही, डोंगराकडे जायचं.

एका सकाळी नायक हुद्द्याच्या एका जवानाला खाली न्यायचं होतं. उंचीमुळे त्याच्या छातीत पाणी भरलं होतं. ०७३० ला गावडे गाडी गरम करून तयार होते. मग्गा ठेवून झाला होता, थांबला होता. मी तयार नव्हते. पेशंटच्या कार्डावर शाई सांडली म्हणून मी ते पुन्हा नीट लिहिलं. नंतर ब्लँकेटं मोजली. सहा ब्लँकेटं, दोन गरम पाण्याच्या पिशव्या, एक स्ट्रेचर, हे सगळं माझ्या चार्जवर होतं, आणि स्टोअरवाल्याच्या सहीशिवाय मी ते बाहेर सोडणार नव्हते. तो लंगरमध्ये नाश्त्याला गेला होता. मी त्याची वाट पाहिली. सही घेतली. १०१५ ला मी गाडीशी आले तेव्हा उतारावर लख्ख ऊन होतं. गावडेंनी मग्गा पुन्हा ठेवला. टोचायचीही गरज पडली नाही.

"मॅडम, मग्गा सरकला."

"पेशंट थांबू शकत नाही, गावडे."

ते खरंच होतं. थांबू शकत नव्हता. ०७३० ला सुद्धा थांबू शकत नव्हता.

"जी मॅडम," ते म्हणाले आणि चढून बसले.

तिसऱ्या वळणावर गाडी सुटली. त्यांनी स्टिअरिंग डोंगराकडे फिरवलं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, आणि डोंगरही उजवीकडेच होता. मागे पेशंटला आणि मला खरचटलं तेवढंच. मी पुढे गेले. त्यांना बाहेर काढता येत नव्हतं. मी नाडी धरून उभी राहिले. १०५५ ला ती थांबली. तो नायक वाचला.

चौकशीत 'रस्त्याची अवस्था' असं कारण लिहिलं गेलं. ब्लँकेटांबद्दल मला कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आज लिहिते आहे.

त्यांचं सामान घरी पाठवलं. मग्गा वॉर्डमध्येच राहिला होता, तो नंतर सापडला. मी त्यांच्या पत्नीला पत्र लिहून विचारलं, कुठे पाठवू? त्यांनी गावातल्या मास्तरांकडून उत्तर लिहून घेतलं. 'तुमच्याजवळच असू द्या. ते तुमच्याबद्दल पत्रात चांगलं लिहीत.' तेव्हापासून माझ्या प्रत्येक पोस्टिंगच्या ट्रंकेत तो मग्गा होता. सौदीतही होता. माझ्या टेबलावर, त्यात पेनं ठेवलेली असत.

०६५५ ला मी पेनं टेबलावर ओतली आणि मग्गा घेऊन, भिंतीला धरत, वळणापर्यंत उतरले. उपडा ठेवला. बोटाने टोचला. थांबला.

वर येऊन मी सांगितलं, "उन्हाच्या आधी निघायचं. ०७४० ला गाडी हलेल. तोवर हे करायचं."

रोट्यांच्या तन्नूर-भट्टीची राख आणि बागेतली बारीक खडी गोळा करायची. टायरच्या दोन रेघांवरच टाकायची, सगळीकडे नाही. स्वयंपाकी मोठ्या पातेल्यात उकळतं पाणी घेऊन आला, बर्फावर ओतायला. त्याला मी दारातून परत पाठवलं. त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू बाईचं डोकं थंडीने गेलं.

मिठाची कल्पना हसनभाईंची. पाणी मऊ करायच्या प्लँटच्या खोलीत जाड मिठाची तीन पोती होती, हे फक्त त्यांच्या लक्षात होतं.

"आमचे होडीत बर्फावर मीठ पडलां का बर्फ खातां ता. मिठागरातला माणूस मी, मना मीठ वापरू द्या."

"मिठाने पाणी होईल, हसनभाई. मला पाणीच नको आहे."

"मग पानी झाडून काढू. झाडू हाय ना."

ते बरोबर बोलत होते. मीठ फक्त वळणावर टाकायचं, अर्धा तास थांबायचं, पाणी झाडून काढायचं, आणि खरबरीत झालेल्या जागेवर खडी पसरायची, असं ठरलं. त्यांनी स्वतः, भिंतीला दोर बांधून कमरेला गुंडाळून, गुडघ्यांवर बसून ते केलं. वय एकोणसाठ.

कागदांचा प्रश्न ०७१५ ला आला. पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवायचा तर ट्रान्सफर फॉर्म लागे. तीन सह्या, एक शिक्का. शिक्का रेकॉर्ड ऑफिसच्या कपाटात आणि ऑफिस ०८०० ला उघडणार. तिथे असा नियम मोडणारी मी नव्हे. माझ्या सात वर्षांत एकही पेशंट शिक्क्याशिवाय गेला नव्हता, आणि त्याचा मला अभिमान होता.

डॉक्टर हनान म्हणाल्या, "मॅनेजर चिडतील. आठला येतीलच ते."

"कागद मागून येतील," मी म्हटलं. "ब्लँकेटंही मोजू नका. लागतील तेवढी घाला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी ब्लँकेटांबद्दल असं काही बोलेन हे त्यांना खरं वाटलं नसावं.

शेवटी, ट्रक कोणी चालवायचा.

हसनभाईंनी हात पुढे केला. "मॅडम, चावी मना द्या. एकोनीस वर्सां ह्या उतारावर काढली. ह्याला महिना नाय झाला."

मुशब्बबची मूठ खिशात होती. मी चावी मागितली असती तर त्याने दिली असती, हे मला दिसत होतं.

मी स्वतः चालवू शकले असते का? बायकांना गाडी चालवायला तिथे तेव्हा परवानगी नव्हती. पण खरं कारण ते नव्हतं. मी वीस वर्षांत स्टिअरिंगला हात लावला नव्हता, आणि तो ट्रक मला माहीत नव्हता.

मी दोघांना एकच प्रश्न विचारला. "उतारावर गाडी सुटतेय असं वाटलं तर पहिल्यांदा काय करता?"

"ब्रेक," हसनभाई म्हणाले. त्यांचा उजवा पाय बोलता बोलता जमिनीवर दाबला गेला. एकोणीस वर्षं ते ह्याच उतारावर सेकंड गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरत आले होते. कोरड्या रस्त्यावर ते ठीकच होतं.

मुशब्बबने विचार केला. "सिस्टर, वाळूच्या टेकडीवरून उतरताना आम्ही ब्रेकला हात लावत नाही. ब्रेक लावला की मागचा भाग पुढे येतो आणि गाडी कोलांटते. पहिला गिअर, नाक सरळ खाली. गाडीला जाऊ द्यायचं, पण तिच्याच इंजिनवर."

"क्लच?"

"क्लच कशाला?"

गावडेंनी हेच मला मैदानात शिकवलं होतं. वाळूतला माणूस बर्फाचंच बोलत होता.

"मुशब्बब चालवेल," मी म्हटलं. "हसनभाई, तुम्ही शेजारी बसाल. वॉकी-टॉकी त्याच्या कानाशी धरायचा. आणि ह्या ट्रकचं काय कुठे ढिलं आहे ते त्याला सांगायचं."

हसनभाई मुशब्बबकडे वळून म्हणाले, "फर्स्टला टाकताना थोडा डावीकडं दाब. नायतर बाहेर उडतो. मीच खराब केलाय तो."

ट्रकमध्ये मागच्या चाकांवर वजन यावं म्हणून खडीने भरलेली चार पोती बांधली. मधे गाद्या, त्यावर नूरा, बाजूला डॉक्टर हनान. नूरा जागी होती. तिने माझी बाही धरली आणि विचारलं, "सिस्टर, ह्याने आधी बर्फावर गाडी चालवली आहे का?"

खोटं बोलायची माझी इच्छा नव्हती. "नाही. पण ज्यांनी मला शिकवलं त्यांनी चालवली आहे."

मी वळणाशी जुनिपरच्या बुंध्यामागे, भिंतीच्या पलीकडे, जाऊन उभी राहिले. तिथून वर-खाली दोन्हीकडे दिसत होतं.

"गेट, वळणावरून बोलतेय. उतारावर कोणी आहे?"

"गेट. कोणी नाही, सिस्टर."

"अँब्युलन्स?"

"रस्त्याच्या पलीकडे घेतली. मागचं दार उघडं."

"ट्रक?"

हसनभाईंचा आवाज आला. "तयार. बिस्मिल्ला म्हटलांय दोघांनी."

"यल्ला. या."

०७४२. ट्रक पोर्चमधून निघाला. पहिल्या गिअरमध्ये इंजिन घुरघुरत होतं. माणूस चालतो त्याहून हळू. चाकं राखेच्या दोन रेघांवर होती. पन्नास मीटर. साठ. काचेतून मला मुशब्बबचा चेहरा दिसला, आणि शेजारी हसनभाई. त्यांनी दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घातली होती. नंतर म्हणाले, पाय खाली असते तर मी ह्याच्या पायावरून ब्रेक दाबला असता.

वळणाच्या दहा पावलं आधी राखेची रेघ एका जागी पातळ होती. मागचं उजवं चाक त्यावरून गेलं आणि ट्रकची शेपूट शेतांच्या बाजूला सरकली. एक हात. दीड हात. मागून नूराचा आवाज आला.

"ब्रेक नाही," मी म्हटलं. "नाक भिंतीकडे. थोडं. भिंतीला घासू दे."

हसनभाईंनी ते शब्द त्याच्या कानात तसेच्या तसे दिले. मुशब्बबने स्टिअरिंग डावीकडे घेतलं. तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो. भिंत त्याच्याच बाजूला होती. त्याने ते बघून फिरवलं.

आरसा फुटला. मडगार्ड दगडांवर घासत गेलं, तो आवाज मला अजून ऐकू येतो. पण वेग नव्हता. बैलगाडीच्या वेगाने घासत होता. तेवढ्यात मागचं चाक हसनभाईंच्या मीठ खाल्लेल्या खरबरीत जागेवर आलं आणि खडीत रुतून धरलं. शेपूट थांबली. ट्रक भिंतीपासून सुटा झाला आणि वळला.

"धरला," हसनभाई म्हणाले. एवढंच.

०७४९ ला ट्रक गेटमधून बाहेर पडून सपाटीवर उभा राहिला. ०७५३ ला नूरा अँब्युलन्समध्ये होती आणि अँब्युलन्स निघाली होती. मी खाली पोचले तेव्हा मुशब्बब दार उघडून बाहेर आला, भिंतीच्या बाजूचं मडगार्ड बघितलं, आणि हसनभाईंना म्हणाला, "या हाज, एकोणीस वर्षांत तुम्ही एक ओरखडा काढला नव्हता. मी पहिल्याच महिन्यात."

हसनभाईंनी त्याचा हात धरला. सोडला नाही. थोड्या वेळाने दुसऱ्या हाताने खिशातलं फडकं काढून त्याला दिलं.

"पुस. आता तुजी हाय ती."

मॅनेजर ०८०५ ला आले. चिडले. मी उभी राहून ऐकून घेतलं आणि ०८३० पर्यंत फॉर्म पूर्ण करून शिक्का मारून घेतला. पाच ब्लँकेटं गेली होती. तीन परत आली.

०९४० ला वळणावर ऊन आलं. मी, हसनभाई आणि स्वयंपाकी बघायला गेलो. बर्फ चमकत होता, सुंदर दिसत होता. वर पाण्याचा पातळ पापुद्रा. राख टाकली नव्हती तिथे मी मग्गा उपडा ठेवला आणि हात काढला. तो आधी हळू, मग सरसर निघाला, आणि थेट गेटच्या लोखंडावर जाऊन आपटला.

स्वयंपाक्याने बराच वेळ त्या दिशेने बघितलं.

"मॅडम," हसनभाई म्हणाले, "हा कोनी शिकवलां तुमाला?"

मी त्यांना नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं.

११०५ ला डॉक्टर हनानचा फोन आला. मुलगी झाली होती. वजन कमी, पण रडते आहे. आईला चार बाटल्या रक्त दिलं, आता ठीक आहे. मी वॉर्डमध्ये सांगितलं आणि माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी राउंडला बाहेर आले.

हसनभाई ठरल्या दिवशी गेले. मुशब्बबने त्यांना विमानतळापर्यंत नेलं, ट्रकमधूनच. हसनभाईंना दुसऱ्या गाडीतून जायचं नव्हतं. नूराच्या घरून खजुराचा मोठा डबा आला होता, तो मांडीवर होता. निघताना उतारावर मी त्यांचा आवाज ऐकला. "ब्रेक. अरे ब्रेक मार, आज सुका हाय." गावी त्यांनी मुलाबरोबर मिठाचा धंदा काढला. दर ईदला त्यांचा फोन येतो. अजूनही विचारतात, गाडी नीट ठेवली ना त्याने.

दोन वर्षांनी मी निघाले तेव्हा मग्गा मुशब्बबला दिला. त्याने तो ड्रायव्हरांच्या खोलीत खिळ्याला टांगला. नवीन ड्रायव्हर येतो, आता सगळे सौदीच, त्याला तो हिवाळ्यात वळणापर्यंत चालत नेतो आणि मग्गा ठेवायला लावतो. त्या नियमाला तिथे 'अल-हवलदार' म्हणतात. हवालदार म्हणजे काय, चंदगड कुठे, त्यांतल्या कोणालाच ठाऊक नाही. मुशब्बबला ठाऊक आहे. थंडी पडली की तो मला फोटो पाठवतो, बर्फावर उपडा मग्गा. खाली लिहितो, थांबला. किंवा, सरकला, चहा पितोय.

तर निहार, तुझ्या ड्राइव्हवेबद्दल. गाडी काढायच्या आधी उतार पायी उतरून बघ. दोन रेघांवर वाळू टाक. मागे वजन ठेव. सगळ्यात खालचा गिअर, ब्रेकवर पाय नको, आणि उताराच्या तळाशी कोणी उभं नाही हे बघ. काम अडलेलं असेल तर पहाटेच्या कडक थंडीत निघ, उन्हाची वाट बघू नकोस. कागद आणि ब्लँकेटं मागून येतात.

त्या सगळ्याच्या आधी, बर्फावर एक मग्गा उपडा ठेव. कोणताही चालेल. सरकला तर घरात परत ये, सईला उठव, चहा करा, आणि पहिला घोट घेण्यापूर्वी एकदा म्हणा: हवालदार मारुती गावडे, एएससी, तालुका चंदगड. मी रोज म्हणते.